रडणाऱ्या बाळासाठी गाडी कोण थांबवणार? एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीत लहान मुलांची सीट बसवून देणं, बसवलेली तपासणं आणि घरच्यांना ते शिकवणं हे माझं काम. या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझ्या हातून जे चुकलं ते मात्र तसंच ठेवलं आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते बहुतेक तिथेच आहे.

घरात पाच माणसं: आई, बाबा, बाबांची आई म्हणजे मुलांची आजी, ६ वर्षांचा थोरला आणि १३ महिन्यांची धाकटी. गाडी एकच, पाच जणांची. आठवड्यातले पाच दिवस सकाळी गाडी आई चालवते. आधी थोरल्याला शाळेत सोडायचं, मग आजी आणि धाकटीला आत्याकडे पोचवून पुढे कामावर जायचं. सगळं मिळून पाऊण तास. सुट्टीच्या दिवशी बाबा चालवतात आणि गाडीत पाचही जण असतात.

धाकटी जन्मली तेव्हा तिच्यासाठी मागे तोंड करून बसवायची छोटी सीट कोणीतरी वापरायला दिली होती. ११ महिन्यांची झाल्यावर तिचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकायला लागले. तेवढ्यात एका नातेवाइकांकडून त्यांच्या मुलाची पुढे तोंड करून बसवायची सीट आली. तिच्या लेबलवर ९ ते १८ किलो असं लिहिलं होतं आणि धाकटी नुकतीच ९ किलोची झाली होती. आकडा जुळला म्हणून तिला नव्या सीटवर बसवलं आणि छोटी सीट ज्यांची त्यांना परत केली. थोरल्याला काहीच नव्हतं. तो मोठ्यांचा बेल्ट लावायचा आणि खांद्यावरचा पट्टा मानेला काचतो म्हणून पाठीमागे टाकून द्यायचा.

आजींची जागा दोघांच्या मधली. बेल्ट त्या लावत नसत. दोन्ही बाजूंना मुलं, मध्ये अडचण, बकल कुठेतरी खाली दबलेलं. आणि मुख्य म्हणजे धाकटी रडली की तिला सीटमधून काढून मांडीवर घ्यावं लागे, मग बेल्ट लावून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

काय घडलं

एका सकाळी पुढचा सायकलवाला न बघता वळला आणि आईने ब्रेक करकचून दाबला. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होता. टक्कर झाली नाही, गाडीला ओरखडाही आला नाही. पण धाकटीची सीट तिच्यासकट पुढे कलंडली आणि तिचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीपासून वीतभरावर येऊन थांबलं. थोरला बेल्टखालून घसरला; त्याच्या पोटावर आडवा लाल वळ उठला. आजी पुढच्या सीटवर आदळल्या, मनगट सुजलं. धाकटी त्या वेळी मांडीवर नव्हती, कारण ती झोपली होती.

चौथ्या दिवशी आईने मला गाठलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "मी कधीच जोरात चालवत नाही हो." ते खरंही होतं.

तपासणीत काय आढळलं

मुलांशिवाय, रिकाम्या गाडीपासून सुरुवात केली. सीटमध्ये जिथून गाडीचा बेल्ट जातो तिथे धरून हलवलं तर ती पुढे किंवा बाजूला अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. ही सीट हातभर हलत होती. बेल्ट चुकीच्या खाचेतून घातला होता आणि सीटच्या वरच्या भागाला मागून बांधून ठेवणारा पट्टा, ज्याला टॉप टेदर म्हणतात, तो डिकीच्या बाजूला नुसताच लोंबत होता. खांद्यावरचे पट्टेही सैल होते. पट्टा उभा चिमटीत धरून पाहायचा; चिमटीत आला तर सैल, बोटं नुसती घसरली तर नीट. इथे माझी तीन बोटं आत गेली.

आईचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं की अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने केलेल्या एका पाहणीत ४६ टक्के सीट कुठल्या ना कुठल्या प्रकारे चुकीच्या वापरल्या जात असल्याचं दिसलं होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या. ही आयांच्या निष्काळजीपणाची खूण नाही. वस्तूच किचकट आहे आणि ती दाखवायला बहुतेकांकडे कोणी आलेलं नसतं.

पण नीट बसवली असती तरीही ती सीट धाकटीसाठी योग्य नव्हतीच. या वयात डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि जड असतं. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, मध्ये कूर्चा असते. पुढे तोंड असताना गाडी एकदम थांबली तर पट्टे धड धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ एकत्र तोलून धरते. मुलांच्या सीटसाठी संयुक्त राष्ट्रांचे नियम आहेत. त्यातल्या जुन्या आर ४४ नियमात सीट वजनावरून ठरत असे, त्यामुळे ९ किलोची झाली की पुढे वळवली हे इतक्या घरांत झालं. आर १२९ या पुढच्या नियमात सीट उंचीवरून ठरते आणि १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागेच तोंड असावं लागतं. तेही किमान, सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाय टेकणं हे वळवण्याचं कारण कधीच नव्हतं. मुलं मांडी घालतात, पाय वर टाकतात आणि मजेत बसतात.

थोरल्याचं दुखणं वेगळं. उंची ११२ सेंटीमीटर. मोठ्यांच्या सीटवर पाठ टेकून बसला की गुडघे कडेपर्यंत पोचत नाहीत, पाय सरळ पुढे येतात. मग तो आपसूक पुढे सरकतो, कण्याचा बाक होतो आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला वर जो उंचवटा असतो त्यावर पट्टा अडकून राहतो. लहान मुलात तो उंचवटा पुरता तयारच झालेला नसतो. पोटावरचा लाल वळ त्याचाच. टक्कर झाली असती तर हाच पट्टा आतड्यांवर आणि पाठीच्या मणक्यांवर बसला असता. खांद्याचा पट्टा पाठीमागे टाकलेला, म्हणजे वरचं शरीर अडवायलाही काही नाही.

कोणते पर्याय होते

आलेली सीट वापरत राहायची का, हा पहिला प्रश्न. "तिला काही झालेलं नाही" असं नातेवाइकांनी सांगितलं होतं. मी आईला एकच प्रश्न नीट विचारून यायला सांगितलं: ती सीट ज्या गाडीत होती त्या गाडीला कधी धक्का बसला होता का? उत्तर आलं की एकदा मागून एका गाडीने ठोकलं होतं, पण तेव्हा मूल आत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. लपवलं असं मी म्हणणार नाही. मूल आत नसलं तरी सीटला झटका बसतोच हे सहज कोणाच्या लक्षात येत नाही. गाडी स्वतःहून चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत आहे, कोणाला लागलं नाही, एअरबॅग उघडली नाही आणि सीटवर कुठे तडा दिसत नाही, या सगळ्या अटी पुऱ्या होत असतील तर धक्का किरकोळ धरायला हरकत नाही, असं मानतात. काही कंपन्या मात्र कुठल्याही धडकेनंतर सीट टाकून द्या असंच सांगतात. इथे माहितीपुस्तिका नव्हती, बनवल्याची तारीख पुसट झालेली होती, आणि मुळात ती तोंड पुढे असणारीच सीट होती. त्यामुळे निर्णय सोपा झाला. बाबांनी ती पट्टे कापून टाकून दिली, म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही. त्यांनी ते मला न विचारता केलं आणि फार चांगलं केलं.

धाकटीला पुढच्या सीटवर, आईच्या शेजारी बसवावं अशी बाबांची सूचना होती. आईला ती दिसेल, रडणार नाही. मी तिथल्या तिथे नकार दिला. मागे तोंड केलेल्या सीटसमोर एअरबॅग चालू असेल तर ती नेमकी बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर प्रचंड वेगाने आदळते. यात मधला मार्ग नाही.

थोरल्याला पुढे घेऊन मागे आजींना ऐसपैस जागा करावी, हाही विचार झाला. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागेच बसावं असा सल्ला असतो आणि मागे जागा असताना त्याला पुढे आणायला काही कारण नव्हतं.

राहिला प्रश्न आजींचा. इथे मी चुकले.

पहिल्या फेरीत काय केलं

धाकटीसाठी ४० ते १०५ सेंटीमीटर उंचीपर्यंत मागे तोंड करून वापरता येणारी, आयसोफिक्सच्या कड्यांत, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच पक्क्या बसवलेल्या कड्यांत अडकणारी नवी सीट ठरली. तिला खाली आधाराचा पाय होता. बसवण्याआधी गाडीची पुस्तिका काढून पाहिली, कारण काही गाड्यांत मागच्या पायाशी जमिनीखाली सामानाचा पोकळ कप्पा असतो आणि त्याच्या झाकणावर असा पाय टेकवता येत नाही. इथे कप्पा नव्हता. सीट फुटपाथच्या बाजूला बसवली, म्हणजे बाळाला चढवता-उतरवताना रस्त्यात उभं राहावं लागणार नाही. कड्यांत अडकल्याची हिरवी खूण दोन्ही बाजूंना दिसली, पट्टे खांद्यांच्या किंचित खालच्या खाचेतून घेतले, आईकडून तीनदा काढून-लावून घेतलं.

थोरल्यासाठी पाठ असलेला बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. नुसती उशी चालली असती, पण शाळेतून येताना तो झोपतो, आणि झोपलेलं मूल उशीवरून एका बाजूला कलतं तेव्हा खांद्याचा पट्टा निसटतो. बूस्टरमुळे कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, जांघेत आला आणि खांद्याचा पट्टा मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये.

आणि आजींना मी पुढच्या सीटवर बसवलं. कागदावर हे उत्तम दिसत होतं: मागे दोन मुलं, दोन सीट, पुढे दोन मोठी माणसं, दोघींना बेल्ट, मांडीवर घेण्याचा मोहच नको. हे सगळं मी आईशी बोलले. सूचनांचा कागद आईला दिला. आजी तेव्हा घरात होत्या, मला पाणी देऊन गेल्या, आणि मी त्यांच्याशी या विषयावर एक अक्षर बोलले नाही.

दोन आठवड्यांनी

आईचा फोन आला. आवाजात रडू होतं. धाकटी नव्या सीटवर सलग रडत होती. मागे तोंड, समोर कोणी दिसत नाही. आजी पुढे बसून मान वळवून वळवून दमल्या. पाचव्या दिवशी त्या न बोलता मागे जाऊन दोन सीटच्या मध्ये बसल्या, बेल्ट न लावता. सातव्या दिवशी त्यांनी चालत्या गाडीत धाकटीचे पट्टे सोडले आणि तिला मांडीवर घेतलं. आईने आरडाओरडा केला, आजी दुखावल्या, दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि पाठीमागे माझ्या हातची, तंतोतंत नियमाप्रमाणे बसवलेली सीट रिकामी.

त्या फोननंतर मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते. सीट बसवणं एकदाचं काम आहे. बाळ रडायला लागल्यावर पुढची पाच मिनिटं काय करायचं, हे रोजचं. ते रोजचं काम इतके महिने आजी करत होत्या. मी ते त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्याच्या जागी त्यांना काहीच दिलं नाही.

दुसरी फेरी

या वेळी मी आजींना भेटायला गेले. आधी त्यांना विचारलं की ती कधी रडते. त्यांच्याकडे जे होतं ते माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. ती आत्याच्या घराकडे वळायच्या आधीच्या लांब रस्त्यावर रडते, कारण तिथे ऊन थेट डोळ्यांवर येतं. जाड स्वेटर घातलेल्या दिवशी जास्त रडते. सकाळी उशिरा उठली की रडते, लवकर उठली की वाटेत झोपते.

स्वेटरचं ऐकून मी लगेच सांगितलं की जाड कपडा तसाही पट्ट्याखाली नकोच. पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत कापड चेपतं आणि तेवढीच ढिलाई मिळते. पट्टे अंगाशी लावायचे आणि पांघरूण वरून घालायचं. आजी म्हणाल्या, "म्हणजे उकडणारही नाही." सावलीसाठी काचेला लावायचा पडदा आला.

मग मांडीचा विषय. आजी म्हणाल्या, "माझ्या हातातून ती सुटेल असं वाटतं का तुला? मी मरेन, पण सोडणार नाही." मला ते पूर्ण पटलं, आणि मी तसं सांगितलं. नंतर त्यांना त्या सकाळचं मनगट आठवायला लावलं. तो नुसता ब्रेक होता. कितीही जोरात ब्रेक दाबला तरी माणूस पुढे फेकला जातो तो साधारण स्वतःच्या वजनाइतक्या, बहुधा त्याहून कमीच जोराने. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तो जोर वजनाच्या १४ पट होतो. धाकटी ९ किलोची. म्हणजे हातांना सव्वाशे किलोचं ओझं धरायचं, तेही पापणी लवायच्या आत. "सव्वाशे किलो तुम्ही धराल?" आजी गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बेल्ट आमच्या दोघींभोवती घेतला तर?" हा प्रश्न फार जण विचारतात आणि तो विचारणारं माणूस खरोखर मार्ग शोधत असतं. मी सांगितलं की मग तुमचं सगळं वजन त्याच पटीने तिच्यावर येईल, आणि ती तुम्ही आणि पट्टा यांच्यामध्ये चिरडेल.

इथे मी त्यांना एक जुनी हकीकत सांगितली. अमेरिकेत मुलांना सीटवर बसवणं सक्तीचं करणारं पहिलं राज्य टेनेसी. कायदा १९७८ पासून लागू झाला. त्यासाठी झटणारे रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ होते. पण कायद्यात एक सवलत घुसली: मूल मोठ्याच्या हातात असेल तरी चालेल. ती सवलत काढून टाकायला १९८१ उजाडलं. कायदा करणाऱ्यांनासुद्धा आईच्या, आजीच्या हातांपेक्षा खुर्ची भरवशाची असते हे पचायला वेळ लागला. आजींनी ते लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे मीच एकटी अडाणी नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांना तसं कधी म्हटलं नव्हतं, पण पहिल्या फेरीत तसं वागले होते.

मग जागा. आजींना मागेच बसायचं होतं, आणि आता मलाही तेच बरोबर वाटत होतं. मधल्या सीटवरून धाकटीचा चेहरा समोर दिसतो. पण अट एक, बेल्ट. बेल्ट न लावलेलं मोठं माणूस धडकेत शेजारच्या मुलांवरच जाऊन पडतं. मधल्या सीटला खांद्यावरून येणारा नीट बेल्ट होता. अडचण बकलची होती. थोरल्याचा बूस्टर रुंद, त्याची कड बकलवर बसत होती आणि आजींच्या बोटांना ते सापडत नव्हतं. तासभर खटपट केली. बूस्टर दाराकडे सरकवला तर त्याच्या खांद्याचा पट्टा बिघडत होता. शेवटी तो बूस्टर बदलून अरुंद घेतला. सहा वर्षांच्या मुलाची सीट आजीच्या बकलवरून ठरावी, असं यापूर्वी माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

सगळ्यात मोठा निर्णय मात्र थांबण्याचा. हात लावा, गाणं म्हणा, गालावरून हात फिरवा, हवं ते करा. पट्टे फक्त गाडी उभी असताना सुटतील. आणि गाडी कधी उभी करायची, हे आजी ठरवतील. त्यांनी "थांब" म्हटलं की आई वाद घालणार नाही, "आलंच आता" म्हणणार नाही; पहिल्या सुरक्षित जागी रस्त्याच्या बाहेर गाडी घेईल, इंजिन बंद करेल. बाळाला घ्या, शांत करा, परत बसवा, मग निघा. आईला हे जड गेलं. रोज कामावर उशीर होईल, ती म्हणाली. मी म्हटलं, होईल. त्यामुळे निघण्याची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणली.

थोरल्यानेही हातभार लावला. त्याला मी सांगितलं होतं की १९६४ साली स्वीडनमध्ये मागे तोंड असलेल्या सीटचा पहिला नमुना तपासला गेला, आणि बर्टिल आल्डमन यांना ती कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली होती. यान सुटताना सगळा जोर पाठीवर पसरावा म्हणून ते उताणे झोपलेले असतात. दुसऱ्या दिवसापासून तो धाकटीला बसवताना उलटे आकडे मोजायला लागला. दहा, नऊ, आठ. शून्याला बकलचा खट्ट आवाज.

परिणाम

पहिल्या आठवड्यात गाडी जवळजवळ रोज थांबली, एकदा तर तीनदा. दुसऱ्या आठवड्यात कमी. महिना होईपर्यंत थांबणं क्वचित झालं. रडणं पूर्ण बंद झालेलं नाही, पण आजी आता रडण्याचे प्रकार ओळखून सांगतात: हे झोपेचं, याला थांबायचं नाही, हे कशाने तरी टोचतंय, थांब. एकदा खरंच टोचत होतं. पायांमधल्या पट्ट्यात खेळण्याचा तुकडा अडकला होता.

तिसऱ्या महिन्यात एक चूक झाली आणि आईने ती स्वतः मला सांगितली. काका आपली गाडी घेऊन आले होते. जवळच जायचं होतं. धाकटीची सीट घरच्या गाडीत, काकांच्या जुन्या गाडीला आयसोफिक्सची कडी नाहीत, आणि ही सीट नुसत्या बेल्टने बसत नाही. सगळे तिष्ठत उभे. शेवटी आजींनी तिला मांडीवर घेतलं आणि सगळे गेले-आले. काही झालं नाही. "परत आल्यावर सासूबाई कोणाशी बोलल्या नाहीत," सुनेने सांगितलं.

थोरल्याला मित्रांनी "बाळाच्या खुर्चीत बसतोस" म्हणून चिडवलं. त्याने आठवडाभर कुरकुर केली. बाबांनी दाराच्या चौकटीवर १४५ सेंटीमीटरला रेघ मारली, मोठ्यांचा बेल्ट साधारण तिथून पुढे नीट बसायला लागतो म्हणून. तो दर रविवारी तिथे उभा राहतो. रेघ अजून फार लांब आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत गाडीत बसणारं प्रत्येक मोठं माणूस समोर हवं होतं. मी चालवणारीला शिकवलं, पण निर्णय मागच्या सीटवर होत होते. आता मी फोनवरच विचारते: वाटेत रडलं तर बाळाजवळ कोण असतं? त्यांच्याशिवाय मी येत नाही.

मी एका दिवसात फार बदल केले. सीट नवी, दिशा नवी, बूस्टर नवा, आजींची जागा नवी. धाकटीला मागे वळवणं तातडीचं होतं, थोरल्याचा पट्टाही. आजींची जागा मात्र आठवडाभर तशीच ठेवून, फक्त बेल्टचं बघून, काय होतं ते पाहायला हवं होतं. कदाचित त्यांना मागे जाण्यासाठी भांडावं लागलं नसतं.

सीट निवडताना दुसऱ्या गाड्यांचा प्रश्न मी विचारलाच नाही. बेल्टने आणि आयसोफिक्सने, दोन्ही तऱ्हांनी बसणाऱ्या सीट मिळतात. आठवड्यातून एकदा का होईना दुसऱ्याच्या गाडीत बसणार असेल तर तशीच घ्यायला हवी होती. गाडीच्या अपघातात होणारे एका वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू योग्य सीटमुळे ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांचे ५४ टक्क्यांनी कमी होतात, हे आकडे मी सगळ्यांना सांगते. सीट दुसऱ्या गाडीत असेल तर त्या प्रवासात त्यांचा काही उपयोग नसतो.

आईवर मी एक गोष्ट उगाच टाकली. आजींना "नाही" म्हणायचं काम तिच्याकडे दिलं. बाहेरच्या माणसाने जे सहज बोलून टाकायला हवं ते सुनेच्या तोंडून गेलं आणि घरात अबोला झाला. तो माझ्यामुळे झाला.

काकांच्या गाडीचा पेच मी चौथ्या महिन्यातल्या भेटीत काढला. दुसरी सीट घ्यावी का, भाड्याने मिळेल का, अशी माझी यादी तयार होती. आजी मधेच म्हणाल्या, "त्याला सांगितलंय मी. आपली गाडी इथे लाव आणि आमची चालव." मला हे सुचलं नव्हतं. मागच्या दोन्ही वेळा काका आले तेव्हा त्यांची गाडी दारात उभी होती आणि ते घरच्या गाडीच्या चाव्या घेऊन निघाले. मागून आजींचा आवाज आला, आधी बकल बघू दे.